मनकर्णाच्या पोवाड्याला मंजुरी

दुष्काळी कामांमुळे जनतेत निर्माण झालेला उत्साह जनतेला कळावा, म्हणून बहात्तर सालच्या अखेरीस प्रसिद्धी खात्याने पोवाडा मागवला. काम श्रीगोंदा तालुक्यातल्या शाहीर गहिनीनाथांकडे आलं.

शाहिरांजवळ गोष्ट तयारच होती. पाझर तलावाच्या कामावर मातीची दरड कोसळून मनकर्णा गाडली गेली होती. देखरेखीचे साहेब मदत आणायला जीपमधून गेले ते दुसऱ्या दिवशी आले. तोवर बायकांनी हातांनी माती उपसून तिला बाहेर काढलं होतं. एक पाय मात्र कामातून गेला.

शाहीर तिच्या घरी गेले. "आत असताना काय ऐकू आलं, मनकर्णाबाई?"

"काईच न्हाई. मग वरनं हात. थप, थप."

"मंत्र्यांम्होरं गाणार हाय. तुजं काई तरी व्हईल."

शाहिरांनी पोवाडा तसाच बांधला. दरड कोसळताच डफ बंद, झीलकरी गप्प. मग डफावर एक बोट, थप. दोन बोटं. हळूहळू सगळे हात. तालीम ऐकून माती उपसणारी गोजरबाई पदर तोंडाला लावून उठून गेली. शाहिरांना आपली रचना जमल्याचं कळलं.

मग रचना मंजुरीला गेली.

"दरड कोसळल्याची नोंद नाही," प्रसिद्धी अधिकारी म्हणाले. "नोंद नसलेली दरड गाता येत नाही."

"मग बाई गाडली कशी?"

"आम्हालाही तेच खटकलं. बाई काढा."

बाई निघाल्यावर तिला उपसणाऱ्या बायका विनाकारण माती उकरताना दिसू लागल्या. शासकीय मजुरीचा हा अपव्यय शाहिरीत शोभणारा नव्हता, त्याही निघाल्या. कोणी गाडलंच गेलं नाही, तर जीप खाजगी कामाला गेली असा अर्थ निघत होता, जीपही गेली.

"आणि इथे डफ थांबतो, तो कशासाठी?"

"माती पडती म्हणून."

"माती पडलेली नाही. अशी शांतता कामबंद आंदोलनासारखी वाटते. तिथे 'जी रं जी' भरा."

मोठ्या सभेत गायची संधी पुन्हा येणार नव्हती. गोष्ट काढली तरी चालीत ती उरतेच, अशी शाहिरांनी स्वतःची समजूत घातली आणि 'जी रं जी' भरलं.

मंत्री बांधावर आले. मनकर्णाला दोघींनी धरून पुढे आणून बसवलं होतं. डफ कडाडला. पोवाड्यात आता तलाव होता, शासन होतं आणि भरपूर 'जी रं जी' होतं. मंत्री खूश होऊन टाळ्या वाजवू लागले. त्यांचा ठेका चुकत होता. अधिकाऱ्यांनी शाहिरांना खूण केली. शाहिरांनी आपला ठेका बदलला. मग सगळा बांध मंत्र्यांच्या तालात वाजू लागला. शाहिरांनी मनकर्णाकडे बघायचं टाळलं.

ती शेजारच्या गोजरबाईकडे वळली. "माजी गोष्ट कवा येती गं?"

"गप. ताल चुकतो," गोजरबाई टाळी न थांबवता म्हणाली.

सगळे टाळ्या वाजवत असताना एकट्याने हात मांडीवर ठेवून बसणं किती अवघड असतं, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. मनकर्णानेही हात उचलले.