रहीमभाऊंचा गळका हौद

आलापल्लीला रहीमभाऊंच्या मागच्या अंगणातला हौद गळायला लागला, आणि त्या उन्हाळ्यात घराचे सरळ दोन पक्ष पडले. कनीजभाभी म्हणत, नवा घ्या. रहीमभाऊ म्हणत, हाच शिवतो.

रहीमभाऊंचा धंदाच शिवण्याचा होता. जीप आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्यांच्या कामावर खूश होऊन एका इंजिनिअर साहेबांनी बदलीवर जाताना हा हौद भेट दिला होता. जमिनीवर उभं राहणारं पत्र्याचं गोल कडं, आत जाड निळं प्लास्टिक आणि छातीइतकं पाणी. रहीमभाऊ त्यात म्हशीला आंघोळ घालणार होते. पण चंद्रपूरच्या डॉक्टरांनी भाभींचे गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, "पाण्यात चालत जा." तेव्हापासून हौद भाभींचा झाला.

जमिनीवर भाभी भिंत धरून चालत. पाण्यात उतरल्या की मात्र गुडघे कुणा दुसऱ्या बाईचेच असल्यासारखे हलके होत. दुपारी अंगणाला जुन्या साड्यांचा आडोसा लागे, शेजारच्या सुगंधाबाई ट्रॅक्टरच्या ट्यूबवर लुगड्यासकट पहुडत, आणि भाभी त्यांच्याभोवती संथ फेऱ्या मारत. बाहेर ऊन पेटलेलं असे. आत निंबाची पिवळी पानं पाण्यावर उतरत आणि भाभींच्या मागे मागे फिरत. बोलणं मध्येच थांबे, कुठे थांबलं ते दोघींनाही आठवत नसे. पुरुषांना त्या वेळी अंगणात यायची बंदी होती. रहीमभाऊंनी तो हौद कायम बाहेरूनच पाहिला होता.

आणि बाहेरूनच ते त्याला ठिगळं लावत होते. एक ठिगळ बसलं की दुसरीकडून धार लागे. सुगंधाबाईंच्या मातीच्या भिंतीला ओल चढली. विहिरीचं पाणी तर रोज खाली चाललं होतं.

"दानिशचे अब्बा, आता पुरे करा," भाभी म्हणाल्या. "विहीर आटली तं मी चालू कुठी? नवा आणा."

"फाटलं म्हणजे फेकाचं नसते, शिवाचं असते."

"मंग शिवा ना! भोक कुठी आहे ते तं पाहा!"

हे रहीमभाऊंच्या मनाला लागलं. भोक बाहेरून सापडत नव्हतं, म्हणजे आत उतरायला हवं. आणि पाणी काठोकाठ असल्याशिवाय गळती नीट कळणार नाही, हेही त्यांनी मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी स्वयंपाकघरात असताना त्यांनी मोटर लावून हौद पार वरपर्यंत भरला. तितका तो आजवर कधीच भरला नव्हता. मग बनियन-लुंगीवर ते आत उतरले, आणि आधाराला म्हणून ट्यूबवर आडवे झाले.

प्लास्टिकवरून हात फिरवत त्यांनी एक चक्कर मारली. दुसऱ्या चकरेला हात आपोआप पाण्यात लोंबू लागला. पाठ गार झाली. कानात पाणी गेलं, आणि रस्त्यावरचे ट्रक, कोंबड्या, भाभींची फोडणी सगळं लांब कुठेतरी गेलं. वर निंबाच्या फांद्यांत आभाळाचे तुकडे हलत होते. आयुष्यभर सीटा शिवलेल्या माणसाला पहिल्यांदाच वाटलं, की बसायला खरं तर सीट लागतच नाही. त्यांचे डोळे मिटले.

त्याच सुमाराला गंजलेल्या पत्र्याने दम सोडला.

'फाट्' असा आवाज झाला आणि अख्खा हौद फाटकाकडे निघाला. रहीमभाऊ ट्यूबसकट त्याच्या आघाडीला होते. फाटक उघडंच होतं. उतारावरच्या गल्लीतून ते कोंबड्यांना बाजूला सारत, सुगंधाबाईंच्या वाळत घातलेल्या कुरड्या गोळा करत, थेट बोअरिंगच्या हातपंपावरल्या रांगेपर्यंत आले आणि हंड्यांना टेकून अलगद थांबले.

रांगेत सुगंधाबाई होत्या. "अवं माय! रहीमभाऊ, तुमी टँकर घेऊन आले का?"

रहीमभाऊंनी डोळे उघडले नाहीत. छातीवर कुरडई होती, चेहऱ्यावर समाधान.

"कनीज," ते पुटपुटले, "कुठीच गळून नाई राह्यला वं."

त्या दिवशी रहीमभाऊ दुकानात गेले नाहीत. ओल्या लुंगीनिशी ओसरीवर बसून राहिले, आणि संध्याकाळी म्हणाले, "नवा घेऊ. मोठा घेऊ."

भाभींनी लगेच नागपूरला मुलाला, दानिशला, फोन केला. आठवड्यात बसने खोकं आलं. सुगंधाबाईंनी कुरड्यांचं दुःख विसरून ते सोडवायला हात लावला. आतून निघाला तोंडाने हवा भरायचा, बदकांची चित्रं असलेला हौद. भाभी त्यात उभ्या राहिल्या. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं.

"यात तं कोंबडीही बुडणार नाई, भाभी," सुगंधाबाई म्हणाल्या.

भाभी हसल्या नाहीत. भिंत धरून खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. रहीमभाऊंनी ते पाहिलं. त्यांनी फाटलेलं कडं उचललं आणि दुकानाची वाट धरली.

त्यानंतर किती जीपा सीटांविना परत गेल्या, कोण जाणे. रहीमभाऊंनी गंजका पत्रा कापून नवा जोडला. ट्रॉलीवर टाकतात तसली ताडपत्री दुहेरी करून आतून घातली आणि प्रत्येक शिवणीवर डांबर ओढलं. हौद निळ्याचा काळा झाला, पण त्यात पाणी भरलं तेव्हा आभाळ जास्त खोल दिसू लागलं. भाभी पहिल्या दुपारी उतरल्या त्या ऊन कलेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

"गळते का गा?" वर आल्यावर त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाई," रहीमभाऊ गंभीरपणे म्हणाले. "आतून तपासा लागन. सकाळी पाहतो."

सकाळी ते तपासायला उतरले. दुसऱ्या सकाळीही उतरले. पुढे रोजच, उजाडायच्या सुमाराला, मोहल्ला जागा व्हायच्या आत, ट्यूबवर आडवे होऊन ते गळती शोधू लागले. हातपाय पाण्यात, डोळे आभाळात.

एका सकाळी भाभी चहा घेऊन अंगणात आल्या. हौदाभोवती त्या अनवाणी सावकाश फिरल्या. माती सगळीकडे कोरडी ठणठणीत होती.

"सापडली का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाई," आतून झोपाळू आवाज आला. "पण आहे कुठीतरी."

भाभींनी चहाचा कप काठावर ठेवला.

"नीट पाहा मंग," त्या म्हणाल्या. "घाई नाई."