तात्यांची नखतपासणी

तात्या सुभेदारांना नमस्कार करायची सोय नाही. हात जोडले की ते एक हात ओढून घेतात, नखाच्या मुळाशी खोबरेल तेलाचा थेंब सोडतात आणि खिशातलं भिंग लावून म्हणतात, "हलू नगं. रक्ताच्या नळ्या बघू दे."

उंब्रजला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. दूधवाल्यापासून मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपर्यंत गल्लीत त्यांच्या हातून कुणी सुटलेलं नाही. "तुजी नळी वाकडी हाय गड्या," असं एकदा मला म्हणाले. मी वरवर हसलो, पण आठवडाभर एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचत होतो. टरकलो होतो, खोटं कशाला बोलू?

हे सगळं काचबिंदूपासून सुरू झालं. तात्यांची कडेची नजर गेली. समोरचं तेवढं दिसतं; शेजारून म्हैस आली तरी कळत नाही आणि पायाखालची पायरीही दिसत नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांची बोटं यंत्राखाली धरली. म्हणाले, काचबिंदूच्या काही रुग्णांत नखाच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्याही वेड्यावाकड्या असतात, कुठे कुठे रक्ताचा ठिपका साचलेला असतो, तसं तुमचंही आहे. पण नुसत्या नखावरून काचबिंदू ठरत नाही. त्यापेक्षा मुलाबाळांचे डोळे तपासून घ्या, हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो.

तात्यांनी त्यातली नखं तेवढी उचलली आणि भिंग विकत आणलं. साध्या भिंगातून काय डोंबल दिसणार! पण उभी हयात फौजेत काढलेल्या माणसाला सांगणार कोण? "दुश्मन बारक्या वाटंनंच येतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मात्र गावाची बोटं बघणारे तात्या स्वतःच्या लेकीच्या हाताला हात लावत नव्हते. वंदना तासगावला द्राक्षबागायतदाराच्या घरात दिलेली. ती माहेरी आली की भिंग गायब. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला तर मान फिरवून घ्यायचे.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे फराळाला बसलो होतो. वंदना सहज म्हणाली, "तात्या, आताशा दिव्याभवती कडं दिसतंय मला."

तात्यांच्या हातातली करंजी ताटात पडली. ती आत गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आमाला सांगलीला घिऊन चल रं. मला लय भ्या वाटतंय. माज्यामुळं तिचं डोळं गेलं तर मी काय तोंड दावू?"

या माणसाला मी कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. मग मलाही भीती वाटू लागली.

सांगलीत वंदना तपासणीला आत गेली आणि तात्या भिंतीकडे तोंड करून बसले. आत यंत्राचा आवाज झाला की दचकायचे. मी चहा आणला, तो तसाच गार झाला. फार वेळानं दार उघडलं. वंदना डोळे किलकिले करून, चौकट चाचपत बाहेर आली.

तात्या ताडकन उठले. "गेली? नजर गेली पोरीची?"

सगळा दवाखाना वळून बघायला लागला.

"आवं तात्या, बाहुली मोठी करायचं औषध घातलंय! दर खेपंला तुमाला घालत्यात न्हवं? डोळं चांगलं हायती. काचबिंदू न्हाई. चष्मा तेवढा घ्यायचाय. वर्षानं परत दावा म्हनले."

"वर्षानं कशापायी? म्हंजी हाय कायतरी."

"तुमची लेक हाय म्हनून."

तात्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि जिन्याकडे निघाले. उतरताना बजावत होते, "सावकाश. पायरी हाय. हितं अजून एक हाय."

मी मागून चाललो होतो. उजेडानं वंदनाचे डोळे दिपत होते, पण पायऱ्या तिला दिसत होत्या. पायरी आली की ती तात्यांचा हात हळूच खाली दाबायची, आणि तात्या लगेच म्हणायचे, "पायरी हाय, बाळ."