राणीच्या अंगावरचा झगा

दिवाळी पाडव्याच्या दुपारी राजवर्धनने गोठ्यातली पत्र्याची पेटी उघडली, तर आत फक्त एक डांबरगोळी.

मोरपिसांचा झगा गेला, चमकीची टोपी गेली, घुंगरूसुद्धा गेले. आणि संध्याकाळी सातला 'चमकी' बँडचा तिकीट लावून पहिला कार्यक्रम! त्याआधीची कारकीर्द म्हणजे एक कॅफे, एक कॉलेज आणि हातकणंगल्यात जनरेटर बंद पडेपर्यंत एक वाढदिवस. राजवर्धन गायचा, धवल गिटार वाजवायचा, क्रांती ड्रम बडवायची. गाणी सगळी पोराने पोरासाठी म्हटलेली, प्रेमाची, आणि तीही असं नटूनथटून की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा. घरी मात्र यातलं अक्षर कुणाला माहीत नव्हतं.

चूक त्याचीच. महिन्यापूर्वी आण्णांनी, म्हणजे आजोबांनी, पेटीत डोकावून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा हा बोलून बसला होता, "राणीला पाडव्याला नटवायचं सामान हाय." राणी म्हणजे घरची म्हैस. पाडव्याला कसबा बावड्यात म्हशी नटवून मिरवतात. त्या रात्री आण्णा दोन भाकरी जास्त जेवले, ते नातवाला अखेर म्हशीची माया आली म्हणून, असं राजवर्धनने धरून चाललं होतं.

"म्हंजे त्यांनी नटवली," सामान न्यायला आलेली क्रांती म्हणाली. "आता काय सांगणार हायस त्यास्नी?"

धवलला घेऊन तिघं मिरवणुकीत पोचले. रंगवलेली शिंगं, पायात घुंगरू, पाठीवर मोरपिसांचा झगा. राणी अशी ठुमकत होती, की आपल्यापेक्षा हिलाच जास्त शोभतोय असं राजवर्धनला वाटून गेलं. तेवढ्यात शेजारच्या बाळासोंनी सायलेन्सर काढलेली मोटारसायकल जोरात रेटली आणि राणी उधळली. पिसं हवेत, टोपी गटारात. धवल पानपट्टीच्या फळीवर चढून बसला, कारण म्हशीची त्याला जन्मापासून धास्ती.

राणी कशाने थांबेल हे एकट्या राजवर्धनला ठाऊक होतं. आण्णा डेअरीवर दूध घालायला गेले की बँडची तालीम गोठ्यातच व्हायची, आणि एका गाण्याला राणी हमखास रवंथ करायची. ते नेमकं धवलसाठी लिहिलेलं. राजवर्धनने डोळे मिटले आणि अख्ख्या बावड्यासमोर सुरू केलं, "गिटारवाल्या पोरा, तुझ्या खांद्यावर माझी संध्याकाळ..."

राणी थांबली. गल्लीही थांबली. सगळ्यांच्या माना आधी गाणाऱ्याकडे वळल्या, मग पानपट्टीवरच्या गिटारवाल्याकडे.

आण्णा धापा टाकत आले. त्यांनी झगा सोडवला, झटकला आणि नातवाच्या खांद्यावर टाकला. अगदी मापात बसला.

"पेटी बघितली त्याच दिवशी कळालंतं, माप कुणाचं हाय त्ये," ते म्हणाले.

"मग म्हशीवर कशाला घातलासा?"

"तू येऊन मागशील म्हणून. महिनाभर वाट बघितली की."



संध्याकाळी शेणाचा वास मारणाऱ्या झग्यात कार्यक्रम झाला. फेटा बांधून पहिल्या रांगेत बसलेल्या आण्णांनी शेवटी धवलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. 

"पोरगं चांगलं हाय," आण्णा नातवाला म्हणाले. "पर उद्या पाटंचं धार काढायला घिऊन ये त्याला. म्हशीला भिणारा आपल्या घरात चालायचा न्हाय."