शेळीला कळणारं इंग्रजी

आमच्या गेवराईत अस्मासारखं इंग्रजी बोलणारं दुसरं कुणी नाही. पण ते ऐकायला मिळतं फक्त माझ्या शेळीला. शेजारच्या रफिक मेकॅनिकची ही लेक विद्यापीठातून इंग्रजीत एमए करतेय. रोज सकाळी पाला घेऊन येते, शेळीपुढं बसते आणि सुरू होते, "लिसन, माय डिअर!" मग घडाघडा पंधरा मिनिटं. शेळी कान हलवते. मी दारात आले की बाईसाहेब गप्प.

"बोल की गं."

"न्हाई बाई, असंच."

"शेळीपुढं बोलतीस अन् माझ्यापुढं न्हाई?"

"ती मधीच टोकत न्हाई, बाई."

खरंय. पाचवी ते सातवी हिला इंग्रजी मीच शिकवलं. आज मी नातवंडांची आज्जी. पण तेव्हाचा माझा तोरा विचारू नका! कडक इस्त्रीची साडी, हातात फूटपट्टी, आणि पुस्तकाबाहेरचं एक वाक्य येईल तर शपथ. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा "हाऊ आर यू?" विचारलं. मी म्हणाले, "सर, तो धडा अजून व्हायचाय." पोरांना मात्र कायदा कडक: उभं राहून धडा म्हणायचा, एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. घंटा झाली तरी अस्मा उभीच असायची.

परवा तिची मुलाखत होती, हायवेवरच्या एका इंग्रजी शाळेत. ही नोकरी लागली नाही, तर जालन्याचं स्थळ ठरलेलंच होतं. गॅरेज बंद ठेवून रफिक स्वतः घेऊन गेला.

दुपारी ती एकटीच माझ्याकडं आली.

"काय झालं गं?"

"स्वतःबद्दल बोला म्हणले. तिसऱ्या वाक्याला अडखळले."

"मग पुढं जायचं की!"

"पहिल्यापासून घेतलं. परत तिथंच अडखळले. परत पहिल्यापासून."

"किती वेळा?"

"पाच. मग तिथल्या म्याडमनी पाणी दिलं अन् थँक यू म्हणल्या."

मी तोंडाला पदर लावला.

"एक उत्तर मात्र बिनचूक दिलं, बाई," तीच मला समजावल्यासारखं म्हणाली. "शाळेत इंग्रजी कुणी शिकवलं, म्हणून विचारलं. मी सांगितलं, नोबडी, सर."

"अगं, माझं नाव कावून घेतलं न्हाईस?"

अस्मानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तवर ते लई हसायला लागले होते, बाई."