मशीनला बूट, रंध्याला अनवाणी

सांडूमामा सुतार रंध्याला हात लावायच्या आधी पायातली चप्पल काढतात आणि मशीनला हात लावायच्या आधी पायात बूट घालतात. बूट त्यांच्या मुलाचे जुने, मामांच्या पायाला चांगले दोन बोटं मोठे. दिवसभर ही काढघाल चालते. कोणी हसलं तर म्हणतात, "रंधा घरचा हाय. घरच्यापुढं कोणी चप्पल घालून बसतं का? मशीन म्हंजे जावई. कवा बिघडंल नेम न्हाई. त्याच्यापुढं तयारीनंच बसावं."

टेंभुर्णीत आमचं घर त्यांच्या घराला लागून आहे. मधे एकच भिंत. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून त्यांना मामा म्हणते. त्यांच्यासमोर पदर सावरून असते, फारसं बोलत नाही. पण ऐकते सगळं.

लोकांना वाटतं, मामा जुने म्हणून मशीनला नावं ठेवतात. तसं नाही. ड्रिलचं ते फार कौतुक करतात. आधी लाकडाला भोक पाडायला गिरमीट हातानं फिरवावं लागायचं. "त्या गिरमिटानं माझ्या बापाचा खांदा खाल्ला. ज्यानं ड्रिल काढलं त्याच्या पोटात सुताराचाच जीव असंल," असं म्हणतात. लांब फळी उभी चिरायची असेल तर खुशाल मशीन. पण सांधा करायचा असला की बूट काढलेच. "सांधा म्हंजे सोयरीक. ती घाईत करती का कोणी?"

मशीनच्या रंध्याला मात्र ते न्हावी म्हणतात. "भरारा फिरवून मोकळा होतो. तोंड कुणाचं हाय ते बघत न्हाई." आपला रंधा चालवताना ते मान तिरपी करून लाकडाला कान देतात. कुरळी साल निघत राहते. ती मी चुलीला नेते, तर तीही निवडून देतात. सागाची वेगळी, कडुलिंबाची वेगळी. लिंबाची चुलीत घातली की धूर होतो म्हणून.

करवतीवर तर त्यांचा फार जीव. "करवत बोलती. म्होरं गाठ आली की आवाज बदलती, सावध करती. मशीन एकाच सुरात वरडतं अन् गाठ आली की फेकून मारतं." हे ते अनुभवानं बोलतात. त्यांच्या डाव्या करंगळीचं पेर मशीननं नेलंय. मुलानं मशीन आणून दिलं त्याच वर्षीची गोष्ट. मशीनला दोष दिलेला मात्र मी ऐकला नाही. "चूक माझी व्हती. मी त्याच्या भरवशावर ऱ्हायलो," एवढंच म्हणतात.

एक खोड मात्र कोणालाच उमगत नव्हती. मशीन बंद केलं की मामा लाकडी ठोकणा उचलून पाटावर दोनदा मारायचे. ठक, ठक. मग पुढचं काम. प्रत्येक वेळी. कोणी विचारलं तर, "मशीनची दिष्ट काढून राह्यलो." गावात पोरंसोरं त्यांची नक्कल करायची.

मागच्या महिन्यात आमच्या पुढच्या खोलीचं दार मामांनी केलं. रविवारी आमच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि दाराला चौकटीशिवाय काही नव्हतं. आमचे हे सारखे मागे लागलेले. "मामा, ती ठकठक सोडा, तेवढ्या वेळात एक फळी निघंल."

"पाव्हणे पोरगी पाहायला येऊन राह्यले का दार?"

"दोन्ही पाहतेत मामा, आजकाल."

"मंग तर घाई करूच नये."

दार झालं तेव्हा खरंच मुलीइतकं देखणं झालं. मामांनी ते रंध्यानं असं केलं होतं की हात ठेवला तर घसरावा. कोणालाही बोट लावू देत नव्हते. आमच्या ह्यांनी दाराला पाठ टेकली तर म्हणाले, "सरका तिकडं. अंगाचा घाम पितं लाकूड." शनिवारी दार चौकटीत बसलं. उंबऱ्याजवळची एक पट्टी तेवढी राहिली होती. ती चिरायला मामा बूट घालून आमच्या अंगणात मशीनवर बसले.

पट्टी अर्धी चिरली आणि लाईट गेली. मशीन गपकन बंद पडलं.

मामांचा चेहराच उतरला. ठोकणा पलीकडं, त्यांच्या ओट्यावर राहिला होता. ते उठले, बुटात पाय अडखळला, हाताला लोखंडी हातोडी लागली. समोर दार होतं. त्यांनी त्या नव्या दारावर हातोडी मारली. ठक, ठक.

हे ओरडले, "मामा! डोकं फिरलं का?"

मामांनी हातानंच गप केलं. लाईट नसल्यानं सगळीकडं शांत होतं. त्या शांततेत भिंतीच्या पलीकडून आवाज आला. ताटलीवर गिलास वाजवल्यासारखा. दोनदा.

मामा खाली बसले आणि बुटाच्या नाड्या उगाच नीट करू लागले.

मी चहा घेऊन पलीकडं गेले. गयामामी, म्हणजे त्यांची बायको, आत बाजेवर बसलेली. तिला दिसत नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. ताटली मांडीवर होती, गिलास हातात.

"कोण, सूनबाई का? बराबर हायेत ना हे?"

"बराबर आहेत, मामी."

"आज हातोडीचा आवाज आला. मला वाटलं दुसराच कोणी हाय." मग आपणच सांगू लागली. "करंगळी तुटली त्या दिवशी मशीन बंद पडलं अन् पळापळ झाली. सगळे ह्यांना घेऊन दवाखान्यात गेलते. मला सांगायचं कोणाच्या ध्यानातच न्हाई. सांजपातूर बसून ऱ्हायले. मशीन बंद झालंय, माणूस हाय का न्हाई, काहीच कळंना. मंग हे म्हणले, बंद केलं की मी ठोकीत जाईन, तू गिलास वाजव."

एवढी वर्षं मधे एकच भिंत आणि मला तो गिलास कधी ऐकू आला नव्हता.

मी परत आले तेव्हा मामा दाराशी उभे होते. दोन गोल खड्डे पडले होते, नजरेत भरतील असे. ते अंगठ्यानं चाचपून पाहत होते.

"सूनबाई, तुकडा बसवून रंधा मारतो. पाव्हण्यांना दिसायचं न्हाई."

"राहू द्या, मामा," मी म्हणाले. "ते तसेच राहू द्या."

माझा आवाज जरा मोठाच निघाला. ह्यांनी वळून पाहिलं. मामांनी माझ्या हातातल्या रिकाम्या कपाकडं पाहिलं, मग भिंतीकडं.

त्यांनी बूट काढले, करवत घेतली आणि उरलेली पट्टी पायाखाली धरून कापायला बसले. थोड्या वेळानं लाईट आली. हे म्हणाले, "मामा, लाईट!"

"येऊ द्या," मामा म्हणाले आणि करवत चालूच ठेवली.

मी भिंतीला कान देऊन पाहिला. पलीकडं गिलास वाजला नाही. करवत चालू असली की तो वाजवावा लागत नाही.