जिंकलेलीचं स्वयंपाकघर

बेलिफ कोयता आणि दोन माणसं घेऊन अंगणात आला, तेव्हा दॉ एय शीन गिऱ्हाइकांसाठी मोहिंगाचं, म्हणजे शेवयांवर घालायच्या माशाच्या रश्शाचं, पातेलं ढवळत होती. खटला तीच जिंकली होती. शेजारच्या ऊ फो च्यॉनं तिच्या अंगणात घुसवलेलं बांबूचं कुंपण आता जाणार, म्हणून स्वारी खुशीत होती.

"मावशी, पातेलं उतरवा. स्वयंपाकघर पाडायचंय," बेलिफ म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कुंपण तिकडे आहे."

"ते दक्षिणेला. हुकमात लिहिलंय, घराच्या पूर्वेचं बांबूचं बांधकाम. पूर्वेला हेच आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. झालं होतं काय, न्यायाधीश दॉ तिन न्वे स्वतः जागा बघायला आल्या, त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. सूर्याचा पत्ता नाही. पण घर राखणाऱ्या 'नात' देवाचा नारळ आग्नेयेच्या खांबालाच टांगतात, हे आमच्या ब्रह्मदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईंनी नारळ बघून दिशा धरल्या. आग्नेयेला छप्पर गळतं म्हणून दॉ एय शीननं नारळ नैऋत्येच्या खांबाला हलवला होता, हे सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. त्यामुळे दक्षिणेचं कुंपण हुकमात पूर्वेचं झालं.

बेलिफाच्या हातापाया पडून तिनं एक दिवस मागून घेतला आणि कोर्ट गाठलं.

"देव भिजत होता, हलवला," ती कारकुनाला म्हणाली. "याच चुलीवर माझं पोट आहे रे बाबा."

"फेरविचाराचा अर्ज करता येतो. पण मावशी, तुम्ही तर जिंकलात. जिंकलेल्याचा अर्ज मी कसा घेऊ? हरलेला आणा."

हरलेल्याशी तिचं वर्षभर बोलणं नव्हतं. रोज सकाळी तो तिच्याकडेच मोहिंगा खायचा, पण भजं मागायचा ते बोट दाखवून. अडला हरी, ती गेली.

"म्हणजे माझंच कुंपण पाडा, असा अर्ज मी करू?" ऊ फो च्यॉ म्हणाला. "वकील मला वेड्यात काढेल."

"नको करूस. चूल गेली की मी चालले मंडालेला, लेकीकडे."

तो उठला. छत्री घेऊन थेट कोर्टात गेला.

सुनावणीला गाव लोटलं. न्यायाधीशाला स्वतःचाच निकाल फिरवताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

"अर्ज मंजूर झाला तर कुंपण जाईल. कळतंय ना?" बाईंनी विचारलं.

"कळतंय बाई. भांडण कुंपणाचं होतं. चुलीशी माझं काही वैर नाही."

बाईंनी सांगायला सुरुवात केली, "दिशा ठरवण्यात या कोर्टाची चूक झाली." कारकुनाचं पेन अडलं.

"बाई, 'नजरचूक' लिहू का? जरा बरं दिसतं."

"नजर कुणाची होती? माझीच ना? चूक लिहा. निकाल मी दिला, दुरुस्तही मीच करणार. 'पूर्वेचं' खोडा, 'दक्षिणेचं' करा."

खरं सांगतो, त्या खुर्चीत बसून असं बोलायला छाती लागते. आमच्या माना आपोआप झुकल्या.

दुसऱ्या दिवशी ऊ फो च्यॉनं कुंपण स्वतःच्या हातानं उपटलं आणि येऊन तिच्या बाकावर बसला. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं भजं तोंडानं मागितलं. "भजं फुकट दे. चूल मी वाचवली."

"आणि कुंपण कुणी घुसवलं होतं? मुळीच मिळणार नाही."

"फेरविचार कर की."

"ते कोर्टाला शोभतं. मी आजवर कधी चुकले नाही."

थोड्या वेळानं तिनं वाडगा आणून त्याच्यासमोर आदळला. त्यानं आत बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"दोन पडली चुकून," ती म्हणाली. "खा गुपचूप."