रसायनाच्या त्रेचाळीस न झालेल्या तासांची हकीकत

श्रीशारदा फळ्यावर प्रसन्न, खडू साक्ष. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी विज्ञानशाखेच्या राज्यात जे वर्तले ते जैसे पाहिले, जैसे ऐकिले, तैसे लिहिले. अधिक लिहिले गेले असेल तर ते कौतुकापोटी, उणे असेल तर वहीची पाने सरली म्हणोन. ऐकणारांनी मोबाइल उपडा ठेवोन ऐकावे.

राज्य थोर, आणि बारावीचे विज्ञान म्हणजे राज्याचा बालेकिल्ला. तेथील रीत ऐसी की थिअरीचे तास सर्वांनी मिळोन, एकशे वीस असामी एका दालनात. प्रात्यक्षिके वीस-वीसांच्या तुकड्या करोन, पांढरा कोट अंगी घालोन, कोट नाही तो दाराबाहेर. प्रत्येक प्रयोग जर्नलात लिहावा, डावे पान आकृतीस पेन्सिलीने, उजवे पान निरीक्षणास पेनाने, आणि आठवड्याचे आत सही घ्यावी, सही नाही तर प्रयोग केलाच नाही. महिन्यास एक चाचणी आणि वर्षास एक प्रकल्प. आणि या सर्वांचे शिरी कानून हजेरीचा. प्रत्येक विषयाचे तास वर्षास एकशे वीस, पैकी नव्वदांस जो हजर त्यास हॉल तिकीट, एकही उणा त्यास नाही, मग तो कोणाचाही कोण असो. या कानूनास एक शेपूट होते, ते सहसा कोणी वाचीत नसे. शेपूट ऐसे की, दालनात पाचाहून कमी विद्यार्थी असता तो तास झाला ऐसे धरू नये.

आता राज्याचे दुखणे सांगतो. शहरात क्लास नावाचे दुजे राज्य उदयास आले होते आणि विद्यार्थी नाव या राज्यात ठेवीत आणि जीव त्या राज्यात. प्रात्यक्षिकांचे गुण येथले, म्हणोन प्रात्यक्षिकांस झाडून सारे हजर. थिअरीस मात्र दालन ओस. भौतिकाचे गुरुवर्य मोठे मुत्सद्दी. पाच न भरले तर खुद्द कँटीनात जाऊन स्वारी करीत, "चला रे, समोसा हातात घेऊन बसा, पण बसा," ऐसे म्हणोन दोन-तीन गडी धरोन आणीत, आणि मग तास पार पडे. बाकीचे गुरुवर्य त्यांचाच कित्ता गिरवीत. परंतु रसायनाच्या वैजयंताबाई धारूरकर यांस हे येईना. बाई सरळ, कानून म्हणेल ते लिहिणार. पाच भरले तर हजेरी घेत. न भरले तर मस्टरात आपले हाताने 'तास नाही' ऐसे लिहीत, खाली सही करीत, मस्टर मिटीत, आणि मग खडू उचलोन पुरा तास शिकवीत. ऐसी त्यांची चाल.

आणि हे शिकवणे कोणास, तर हर्षालीबाई उंबरकर यांस. या आठ दिवस क्लासास जाऊन आल्या होत्या. तेथे तीनशे मुंडकी, शंका चिठ्ठीवर लिहोन पेटीत टाकावी ऐसा नियम, आणि हर्षालीबाईंच्या शंका एकीच्या पोटातून दुसरी निघणाऱ्या, त्या चिठ्ठीत मावेनात. म्हणोन परत आल्या आणि पहिल्या बाकावर ठाण मांडिले. मागे एकोणसाठ बाके रिकामी. बाई दालनात येत आणि गंभीरपणे पुसत, "सगळे आलेत का?" आणि हर्षालीबाई मागे वळोन पाहत आणि म्हणत, "हो मॅडम, सगळे आलेत." मग शिकवणे चाले. एके दिवशी हर्षालीबाईंनी पुसिले, "मॅडम, इलेक्ट्रॉन सुटतो म्हणता, पण त्याला सुटावंसं का वाटतं?" बाई थांबल्या आणि बोलिल्या, "अठरा वर्षं शिकवतेय, हे कुणी विचारलं नाही. थांब, मला नीट सांगू दे," आणि तो तास घंटा होऊनही सरेना. मस्टरात मात्र 'तास नाही'.

मग मार्गशीर्षात कमी हजेरीवाल्यांची यादी फळ्यावर लागली आणि रसायनाखाली एकशे वीसच्या एकशे वीस नावे. राज्यात हलकल्लोळ जाहला. परंतु कानूनात आजारपणास सवलत होती, डॉक्टरांचा कागद आणील तो मोकळा. मग काय विचारता! चार दिवसांत राज्यावर ऐसी रोगराई कोसळली की पूर्वी कधी ऐकिली नाही. कोणास कावीळ, कोणास टायफॉईड. ज्यांनी परवा कबड्डीचा चषक मारिला तेही जूनपासून अंथरुणास खिळलेले निघाले. कागद येत गेले, नावे खोडली गेली, आणि गुरुवारी यादीत एकच नाव उरले: उंबरकर हर्षाली, हजेरी एकसष्ट; बाकी त्रेचाळीस तास 'तास नाही'त गेलेले. मैत्रीण आफ्रीन धावत आली आणि म्हणाली, "अगं, तू तर रोज यायचीस! मी जूनपासून थिअरीला तोंड दाखवलं नाही आणि मी मोकळी. मला डेंग्यू झालेला, माहितेय? दोनदा." हर्षालीबाईंस हसू आले, आणि मग ते एकाएकी गेले. कचेरीत गेल्या तो तेथील जुने कारकून बोधनकर काका चष्मा कपाळी चढवोन बोलिले, "बाळ, एक कागद आण. उद्या पाचपर्यंत. सगळे आणतात, त्यात लाजायचं काय?" "पण काका, मी आजारी नव्हते. मी इथंच होते." "मस्टर म्हणतंय तास झालाच नाही. मग तू कुठं होतीस, ते मला कसं कळणार?"

घरी मातोश्री रंजनाबाई, या दवाखान्यात नर्स. त्यांनी सर्व ऐकिले आणि तव्यावरील पोळी तशीच ठेविली. "एवढंच ना? आमच्याच दवाखान्यातनं चाळीस कागद गेलेत, शिक्के मीच मारलेत. तुला एक मारायला माझा हात झिजतो होय?" "काय लिहिशील?" "कावीळ. कावीळ कुणी तपासत नाही." "म्हणजे ते त्रेचाळीस दिवस मी घरी होते." "कागदावर, गं." "मग आई, मॅडम कुणाला शिकवत होत्या?" मातोश्रींचा तवा धुरावला तरी ध्यानी आले नाही. मग हळू बोलिल्या, "हर्षू, वर्ष जाईल तुझं. त्या बाईंचं काय जाणार आहे, सांग बरं?" दोघी त्या दिवशी करपलेली पोळी वाटून जेवल्या.

शुक्रवारी हुजुरांचा, म्हणजे प्राचार्य सरनाईक यांचा दरबार भरला. मायलेकी एका बाजूस, बोधनकर काका मस्टर घेऊन, आणि वैजयंताबाई दुसरे कॉलेजी परीक्षेच्या कामगिरीवर होत्या त्या त्याच सकाळी परतलेल्या, त्यांस बोलाविले. बाईंनी यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. हुजूर काही दुष्ट नव्हते, परंतु थकले होते. बोलिले, "मॅडम, तुमच्या सहीनं लिहिलंय, 'तास नाही'. त्रेचाळीस वेळा. मग तास झाले का नाही झाले?" बाई म्हणाल्या, "झाले, सर. नियमात बसत नव्हते, म्हणून तसं लिहिलं. पण झाले." "बाकीचे एकशे एकोणीस कसे आजारी होते ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? पण त्यांचे कागद आहेत. हिचा दाखवा, मी आत्ता सोडतो." हे ऐकताच रंजनाबाईंचा हात पर्सकडे गेला, कारण कागद त्यांनी सकाळीच तयार करोन घडी घालोन ठेविला होता, लेकीस न सांगता. घडीचे टोक बाहेर दिसले. हर्षालीबाईंनी ते पाहिले आणि आईकडे पाहत राहिल्या, आणि आईचा हात पुढेही जाईना, मागेही येईना.

तो वैजयंताबाई बोलिल्या, "ताई, राहू द्या तो. बोधनकर, मस्टर इकडे द्या." आणि खुर्ची ओढोन बसल्या, आणि पहिले पान काढोन आपले 'तास नाही' आपणच खोडिले, आणि वर लिहिले, 'तास झाला, हजर एक', आणि सही केली. मग दुसरे. मग तिसरे. हुजूर उभे राहोन म्हणाले, "मॅडम, हे केलंत तर मला तुम्हाला मेमो द्यावा लागेल. मस्टरात खोटी नोंद म्हणून." बाईंनी मान वर केली नाही. "द्या सर. फक्त खोटी कोणती, आधीची का आत्ताची, तेवढं मेमोत लिहा." आणि खोडणे चालूच. खोडता खोडता आपल्याशीच बोलल्या, "चौदा ऑगस्ट. या दिवशी फिनॉल घेतलं." "नाही मॅडम," हर्षालीबाई बोलून गेल्या, "चौदाला बफर. फिनॉल दिवाळीनंतर, तुमचा घसा बसला होता तेव्हा." "हो. खोकत खोकत घेतलं." "आणि मी म्हटलं उद्या घ्या, तर तुम्ही म्हणालात उद्या तू नाही आलीस तर?" हुजूर खाली बसले. बोधनकर काका जवळ आले आणि एकेक पान उलटोन देऊ लागले, आणि विसाव्या सहीस रंजनाबाईंनी पर्सची चेन लावली. त्रेचाळीस सह्यांस अर्धा तास लागला. एकसष्टांत त्रेचाळीस मिळोन एकशे चार जाहले. हुजुरांनी बेरीज दोनदा तपासिली, पेनाचे टोपण उघडिले, आणि सही करोन हॉल तिकिटावर शिक्कामोर्तब केले. आणि सोमवारी मेमोही दिला, कारण कानून तो कानून. तो बाईंच्या सेवापुस्तकात आजही आहे आणि त्यावर बाईंचा खुलासा एका ओळीचा आहे: "विद्यार्थिनी हजर होती."

सारांश, त्या वर्षी त्या राज्यातून एकशे वीस जण परीक्षेस बसले. एकशे एकोणीस आजारातून उठोन आले, एक वर्गातून उठोन आली.